अमेरिकेत कामावर युनियनचा बिल्ला लावला, तर मॅनेजर तो काढायला लावू शकतो का?

सहसा नाही. तुम्ही लिहिलंय की किराणा मालाच्या मोठ्या दुकानात तुम्ही काम करता, ॲप्रनवर युनियनचा छोटा बिल्ला लावला होता आणि मॅनेजर म्हणाला, "काढ, नाहीतर घरी जा." एवढ्यावरून तरी कायदा तुमच्या बाजूने दिसतो. मी इथे एका गोदामात युनियनचा शॉप स्टुअर्ड, म्हणजे कामाच्या जागी कामगारांची बाजू मांडणारा युनियनचा प्रतिनिधी होतो. हेच भांडण तिथे वारंवार व्हायचं, म्हणून सविस्तर लिहितो.

आपली माणसं अशा वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं नाव घेतात. त्याचा इथे उपयोग नाही. घटनेतलं ते कलम सरकारला बांधतं, खासगी मालकाला नाही. तुमचा आधार आहे १९३५ चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा आणि त्यातलं सातवं कलम. संघटना करायचा, एकमेकांच्या पाठीशी उभं राहायचा हक्क ते देतं. दुकानात मालकाने युनियनला अजून मान्यता दिली नसली तरीही.

मान्यतेचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण मूळ खटला त्यावरूनच झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाँग आयलंडवर रिपब्लिक एव्हिएशन ही कंपनी लष्करी विमानं बनवत होती. तिथल्या तीन कामगारांनी युनियन स्टुअर्डचे बिल्ले लावले आणि ते काढायला नकार दिला, म्हणून त्यांना कामावरून काढलं. कंपनीचं म्हणणं असं की, आम्ही युनियनला मान्यता दिलेली नाही, मग हे बिल्ले चालू दिले तर मान्यता दिल्यासारखं दिसेल. १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. बिल्ला हा तेव्हापासून कामगाराचा हक्क मानला जातो, आणि तो अडवायचा असेल तर खास कारण मालकाने सिद्ध करायचं असतं. तुम्ही निर्दोष असल्याचा पुरावा तुम्ही देत बसायचं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खास कारण म्हणजे काय? यंत्रात अडकण्याचा धोका, मालाची नासाडी, कामगारांत हाणामारीची वेळ येणं, कंपनीने जपलेल्या प्रतिमेला खरोखर धक्का. रुग्णालयात प्रत्यक्ष उपचार चालतात त्या भागात मनाई सहसा टिकते. "ग्राहकांना दिसतं" एवढंच कारण मात्र पुरत नाही.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या इन-एन-आउट बर्गर या खाद्यगृहाच्या प्रकरणात कर्मचाऱ्यांनी ताशी १५ डॉलर पगाराच्या चळवळीचा छोटा बिल्ला लावला होता. आमची प्रतिमा बिघडते आणि बिल्ला खाण्यात पडू शकतो, असं कंपनी म्हणाली. पण नाताळात आणि स्वतःच्या धर्मादाय संस्थेच्या देणगी मोहिमेत हीच कंपनी कर्मचाऱ्यांना त्याहून मोठे बिल्ले लावायला सांगत असे! २०१८ मध्ये पाचव्या सर्किटच्या (टेक्सास ज्यात येतं त्या विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयात कंपनी हरली. त्याच न्यायालयात २०२३ मध्ये टेस्ला जिंकली. तिथे कंपनीने ठरवलेलाच शर्ट घालायचा नियम होता आणि त्या शर्टावर युनियनचे स्टिकर लावायला कंपनीने अडवलं नव्हतं. म्हणून तुमच्या दुकानात बाकीचे काय काय लावतात ते आधी बघा. फुटबॉल संघाच्या पिना, सणासुदीचे बिल्ले चालत असतील आणि फक्त युनियनचा खुपत असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

मजकूरही सांभाळा. एका टेलिफोन कंपनीच्या कामगारांनी छातीवर 'कैदी' असं लिहिलेले शर्ट घातले होते. ग्राहकांच्या घरी जाणाऱ्यांना ते घालू न देणं २०१५ मध्ये न्यायालयाने योग्य ठरवलं. नुसतं युनियनचं नाव किंवा चिन्ह असेल तर ही अडचण येत नाही.

आता काय करायचं? मॅनेजर पुन्हा म्हणाला तर शांतपणे कारण विचारा, जमल्यास लेखी मागा. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. बिल्ल्याचा फोटो काढा. बेकायदा हुकूम मोडायचा हक्क तुम्हाला आहे, पण अशा तक्रारींचा निकाल देणाऱ्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाला उद्या मालकाचं कारण पटलं तर नोकरी परत मिळणार नाही. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर, माझं मत विचाराल तर, "मला हे मान्य नाही" असं स्पष्ट सांगून बिल्ला काढा आणि तक्रार करा. त्यात कमीपणा नाही.

तक्रार या मंडळाच्या विभागीय कार्यालयात होते. फी नाही, वकील लागत नाही. मुदत प्रकार घडल्यापासून सहा महिने, ती चुकवू नका. जिंकलात तर नोकरी आणि बुडालेला पगार मिळतो, दंडाची रक्कम नाही. व्हिसावर असलात तरी हा कायदा लागू होतो. सुपरवायझर, शेतमजूर, सरकारी नोकर आणि रेल्वे-विमान कंपन्यांतले कामगार मात्र त्यात येत नाहीत. तुमच्या हुद्द्यात 'लीड' वगैरे शब्द असेल तर घाबरू नका. तुम्हाला माणसं नेमायचा, काढायचा किंवा स्वतःच्या निर्णयाने त्यांना कामं नेमून द्यायचा खरा अधिकार आहे का, हे बघितलं जातं. तसा अधिकार असेल तर तक्रारीआधी युनियनच्या माणसाशी बोलून घ्या.