कोचने दिलेला शब्द मागे घेतला, तर कोर्टात दाद मिळते का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा बारावीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा किकर. जूनमध्ये दुसऱ्या राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या असिस्टंट कोचने त्याला फुल स्कॉलरशिप देऊ केली आणि तो तिथे 'कमिट' झाला, म्हणजे तिथेच येईन असा शब्द त्याने दिला. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून त्याने एका लहान कॉलेजची ऑफर नाकारली. डिसेंबरच्या सायनिंगला (करारावर सह्या करायच्या दिवसाला) आठवडा उरला असताना फोन आला, की ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) अनुभवी किकर मिळालाय, स्कॉलरशिप देता येणार नाही, हवं तर वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय खेळणारा) म्हणून या. पुण्यातला माझा भाऊ वकील आहे. तो म्हणतो, दिलेल्या वचनावर विसंबून नुकसान झालं तर दाद मागता येते. खरंच येते का? आणि हे सगळं सोशल मीडियावर मांडावं का?

ताई,

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. दावा लावता येईल, पण तो टिकण्याची शक्यता फार कमी आहे आणि माझा सल्ला 'लावू नका' असाच आहे. म्हणून तुमच्या मुलावर अन्याय झाला नाही असं मात्र समजू नका. झालाय. तो नेमका कुठे झालाय हे लक्षात आलं, की विद्यापीठाकडे काय मागायचं तेही ठरवता येईल.

तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट मी नीट पाहिले. जूनमध्ये फोनवर आलेलं ऑफरचं ग्राफिक दिसायला झकास आहे: विद्यापीठाचं चिन्ह, मुलाच्या नावाची जर्सी, खाली हेड कोचची सही. पण त्यावर रक्कम नाही, किती वर्षांसाठी ते नाही, आर्थिक साहाय्य कार्यालयाचं नाव नाही. असणारही नाही. कॉलेजातल्या खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमाप्रमाणे बारावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टपूर्वी कॉलेजला स्कॉलरशिपची लेखी ऑफर देताच येत नाही. त्याआधी जे काही मिळतं ते तोंडीच धरलं जातं, आणि तोंडी ऑफर कॉलेजवरही बंधनकारक नाही, मुलावरही नाही. दोघांना बांधणारा कागद म्हणजे सायनिंगला सही होणारा आर्थिक साहाय्याचा करार. पूर्वी त्याच्या जोडीला, त्याच कॉलेजात येईन असं मुलाकडून लिहून घेणारं 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' असायचं. १९६४ पासूनची ती पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद करण्यात आली. तेव्हा पहिलं काम हे, की १ ऑगस्टनंतर विद्यापीठाकडून आलेली एकूण एक ईमेल मुलाच्या खात्यात शोधा, स्पॅमसुद्धा. लेखी ऑफर सापडली तर माझं मत बदलू शकतं.

आता तुमच्या भावाचा मुद्दा. त्यांच्या मनात बहुधा मोतीलाल पदमपत शुगर मिल्सचा डिसेंबर १९७८ चा निकाल असावा. त्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला करमाफीच्या आश्वासनाशी बांधून ठेवलं. प्रॉमिसरी एस्टॉपेलचं, म्हणजे वचनावर विसंबणाऱ्याला दाद देणारं, तेच तत्त्व अमेरिकेतही आहे. स्पष्ट वचन, त्यावर विसंबून केलेली कृती आणि त्यातून झालेलं नुकसान या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे आहेत. गाडी अडते ती 'विसंबणं वाजवी होतं का' या प्रश्नावर. विद्यापीठाचा वकील उभा राहून म्हणेल, तोंडी ऑफर बंधनकारक नसते हे नियमातच आहे, भरतीच्या जगात प्रत्येकाला ते ठाऊक असतं, शिवाय असिस्टंट कोचला विद्यापीठाचे पैसे बांधून देण्याचा अधिकारच नाही. बरेचसे न्यायाधीश हे मान्य करतील.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. विद्यापीठ सरकारी आहे. फ्रँचाइज टॅक्स बोर्ड विरुद्ध हायट या खटल्यात २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एका राज्याला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या राज्याच्या कोर्टात खेचता येत नाही. विद्यापीठ राज्याचाच भाग मानलं गेलं, तर न्यू जर्सीचं दार बंद. त्यांच्या राज्यात जावं, तर तिथेही शासनाला दाव्यापासून संरक्षण असतं आणि करारांसाठी सूट असली तरी ती अनेक ठिकाणी लेखी करारापुरतीच असते.

अशा दाव्यांना कोर्ट कधीच दारात उभं करत नाही, असंही नाही. न्यू जर्सीच्याच ब्रायन फोर्टे या क्वार्टरबॅकने भरतीच्या वेळी दिलेल्या आश्वासनांवरून मायामी विद्यापीठाला कोर्टात नेलं होतं. १९९४ मध्ये इथल्या फेडरल कोर्टाने त्याचे काही दावे सुरुवातीलाच निकालात न काढता पुढे चालू दिले. पण मायामी खासगी विद्यापीठ आहे, आणि फोर्टेने तिथे सही करून प्रवेश घेतलेला होता. तुमच्या मुलाकडे सहीही नाही आणि समोर सरकार आहे.

अन्याय कुठे झाला, ते आता सांगतो. ऑफर मागे घेतली हा माझ्या मते मूळ अपराध नाही. कोच बदलतात, गरजा बदलतात, मुलंही ऐनवेळी दुसरीकडे वळतात. शिवाय कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या 'हाउस' खटल्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या समझोत्यानंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना फुटबॉलच्या संघात १०५ च खेळाडू ठेवता येतात, त्यामुळे प्रत्येक जागेचा हिशेब होतो आणि त्यात कोवळ्या किकरपेक्षा पोर्टलमधला तयार खेळाडू कोचला बरा वाटतो. हे मी समजू शकतो. जे समजू शकत नाही, ते ऑक्टोबरमधल्या त्या मेसेजमध्ये आहे. तुमच्या मुलाने लहान कॉलेजच्या ऑफरबद्दल प्रामाणिकपणे कळवलं आणि असिस्टंट कोचने उत्तर दिलं, की आमचा किकर तूच आहेस, त्यांना आता नाही म्हणून टाक. स्वतः बांधून घ्यायचं नाही आणि सतरा वर्षांच्या मुलाला मात्र बांधून ठेवायचं! लग्न ठरवताना समोरच्यांना बाकीची स्थळं मोडायला लावायची आणि आपण गुपचूप दुसरीकडे बघत राहायचं, याला आपल्यात काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. कायद्याच्या दृष्टीनेही तुमच्या बाजूने सर्वांत जड कागद हाच आहे. तो मेसेज तारीख-वेळेसह जपा, फोन बदलू नका, चॅट पुसू नका.

नियम करणाऱ्यांवरही माझा राग आहे. लेखी ऑफरला तारीख आहे, तोंडी ऑफरला कसलाच धरबंद नाही. २०१० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा तेव्हाचा कोच लेन किफिनने डेव्हिड सिल्सला ऑफर दिली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. २०१३ मध्ये किफिनलाच काढून टाकलं आणि सिल्स शेवटी वेस्ट व्हर्जिनियाला गेला. ज्या वयात आपण मुलाला एकट्याने बँकेत पाठवत नाही, त्या वयात त्याच्याकडून शब्द घेतला जातो. कोचने नोव्हेंबरपर्यंत तरी लेखी कबुली द्यावी, नाहीतर मुलाला दुसरी दारं बंद करायला सांगू नये, एवढा साधा नियम व्हायला हवा.

आता कामाचं. विद्यापीठाच्या ॲथलेटिक डायरेक्टरला आणि नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या कम्प्लायन्स ऑफिसला एक सभ्य पत्र पाठवा. ऑक्टोबरचा मेसेज जोडा, धमकी देऊ नका, भरपाई मागू नका. ऑफर मागे घेण्याचं कारण मुलाचे मार्क, वागणूक किंवा दुखापत नाही, असं लेखी मागा. हा कागद फार मोलाचा ठरेल, कारण शेवटच्या क्षणी सुटलेल्या मुलाकडे बाकीचे कोच आधी संशयानेच पाहतात. स्पेशल टीम्सच्या, म्हणजे किकर सांभाळणाऱ्या, कोचने दुसऱ्या कॉलेजांना स्वतः फोन करून शिफारस करावी, हेही मागा. वरिष्ठांपर्यंत मेसेज पोहोचला, की एवढं देऊन मोकळं व्हायला त्यांनाही बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

लहान कॉलेजच्या कोचला मुलाने स्वतः फोन करावा, आणि आजच. तुम्ही नाही, त्याने. फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी पुन्हा सायनिंग असतं, आणि किकरच्या जागा अनेकदा उशिरा भरतात. यावेळी मात्र करारात रक्कम, वर्षं आणि आर्थिक साहाय्य कार्यालयाची सही बघितल्याशिवाय कुठेही 'कमिटेड'चं पोस्टर टाकू नका. सही झाल्यावर करारातली मदत त्या मुदतीत खेळ खराब झाला किंवा दुखापत झाली म्हणून काढून घेता येत नाही, आणि कमी केलीच तर सुनावणी मागण्याचा हक्क मुलाला मिळतो. वॉक-ऑनचा प्रस्ताव मी नाकारेन. परराज्याची पूर्ण फी तुम्ही भरणार आणि १०५ च्या मर्यादेत पहिली कात्री त्याच्यावर चालणार.

सोशल मीडियावर आत्ता काही लिहू नका. खरं लिहिलंत तर बदनामीचा दावा टिकणं कठीण, पण कोच लोक एकमेकांना ओळखतात आणि तुमच्या मुलाला अजून त्यांच्यापैकीच कोणाकडे तरी जायचंय. त्याची जागा पक्की झाल्यावर हवं तर लिहा. तेव्हा मी अडवणार नाही.

तुमचा मुलगा इथलाच नागरिक आहे, म्हणून पुढचं तुम्हाला लागू नाही. पण ज्या वाचकांची मुलं एच-४ (पालकांवर अवलंबून) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहेत त्यांनी ध्यानात ठेवावं: स्कॉलरशिप घेता येते, पण कॉलेज आता खेळाडूंना देऊ लागलेला कमाईतला वाटा काम मानला जाऊ शकतो. इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय तसल्या करारावर सही नको.

पत्राचा मसुदा झाला, की पाठवण्याआधी एकदा मला दाखवा.