नवीन ठासणीची रायफल पहिल्यांदा चालवताना कसं वाटतं? धक्का जोरात बसतो का?

आधी एक दुरुस्ती. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आपल्याकडे मिळते ती ठासणीची बंदूक, म्हणजे दारू आणि छर्रे तोंडाकडून गजाने ठासून भरायची, रायफल नव्हे. हिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत पेचाच्या खाचा असतात, गोळी गरगरत बाहेर पडते आणि लांबवर सरळ जाते. 1857 ला ज्यांच्या काडतुसांवरून भडका उडाला त्या एनफिल्ड ठासणीच्याच रायफली होत्या. अमेरिकेत तशा रायफली आजही नव्या बनतात, त्यांच्यासाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो. तुम्ही व्हिडिओ पाहिले असतील ते बहुतेक तिकडचे. त्यावरून इथल्या बंदुकीकडून अपेक्षा ठेवल्यात तर फसाल.

आता माझं. मी नाशिकच्या सातपूरला कारखान्यात लेथवर आहे, शेत त्र्यंबक तालुक्यात, अडीच एकर भात आणि बांधाला लागून जंगल. परवाना नानांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर होता. धारकाने सत्तरी गाठली की तो वारसाच्या नावावर करून घेता येतो. पण मी राहतो शहरात म्हणजे पोलीस आयुक्तांकडे, शेत ग्रामीणमध्ये म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे. या दोन टेबलांच्या मध्ये माझी फाईल सात महिने झोपली होती. ते जाऊ द्या.

नवी बंदूक आली तेव्हा भात कापून झालं होतं. रविवारी सकाळी खाचरात गेलो. तीस पावलांवर बांधाला गोडेतेलाचा पत्र्याचा डबा टेकवला. बघायला नाना, भाचा आणि दाजी. दाजी देवळालीच्या तोपखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत आणि ठासणीची बंदूक म्हणजे संग्रहालयातली वस्तू असं त्यांचं ठाम मत आहे. बारा बोर, म्हणजे काडतुसाची बंदूक घे म्हणून ते वर्षभर मागे लागले होते.

मापाने दारू ओतली, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासला, मग छर्रे, वर कागदाचा बोळा. ठिणगी पाडणारी टोपी बसवली, घोडा मागे घेतला, श्वास रोखून चाप ओढला.

टच्.

डबा जागेवर. दाजी म्हणाले, "याच्यापेक्षा भाच्याची टिकल्यांची बंदूक बरी."

अशा वेळी नळी डब्याकडेच रोखून धरायची असते, दारू कधीकधी उशिरा पेटते. मी मनात साठपर्यंत मोजलं. दुसरी टोपी, टच्. तिसरी, टच्. दाजी म्हणाले, "दारू कमी पडली असेल, आणखी भर."

इथे थांबतो, कारण या एका वाक्यावर बंदुका फुटतात. आत एक बार शिल्लक असताना त्यावर दुसरा ठासणं ही ठासणीतली सर्वात जुनी चूक. 1863 मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानातून सुमारे 27,000 बंदुका गोळा केल्या, त्यातल्या बहुतेक भरलेल्या निघाल्या आणि हजारोंमध्ये एकावर एक बार ठासलेले होते. ते तर शिकवलेले सैनिक होते. म्हणून नानांनी जुन्या गजावर दोन खुणा कोरल्या होत्या, नळी रिकामी असताना गज कुठपर्यंत जातो आणि भरलेली असताना कुठपर्यंत. नव्या गजावर मी आल्या दिवशीच त्या पाडून घेतल्या. गज आत सोडला, खूण बरोबर भरलेलीच दाखवत होती.

नाना बाजेवरून म्हणाले, "आतलं ग्रीस काढलंस का रे?"

नव्हतं काढलं. नवी बंदूक कारखान्यातून ग्रीस माखून येते. टोपी ज्या बोंडावर बसते त्याच्या बारीक भोकातही ते भरलेलं असतं, मग टोपीची ठिणगी दारूपर्यंत पोचणार कुठून? लेथला नवा चक आला की मी आधी रॉकेलने पुसतो, हे माझं रोजचं काम. आणि बंदुकीला विसरलो. बोंड काढलं, पितळी तारेने भोक मोकळं केलं, खाली दारूचे चार दाणे सोडले, बोंड परत आवळलं. चौथी टोपी.

आवाज अंगातून जातो. वारा नव्हता, पांढरा धूर समोर तसाच लोंबत राहिला आणि डबा दिसेना. वास निम्मा दिवाळीचा, निम्मा सडक्या अंड्याचा. झाडावरचे सगळे कावळे उठले. धूर विरल्यावर भाचा पळत जाऊन मोजून आला, अकरा भोकं. धक्क्याचं विचारलंत तर ही बंदूक ठोसा मारत नाही, ढकलते. भरलेल्या एसटीत मागचा माणूस रेटतो तशी. ठासणीत घालतात ती काळी दारू जरा सावकाश जळते, म्हणून असं. दस्ता खांद्याला घट्ट लावला असेल तर दुसऱ्या दिवशी आठवणसुद्धा राहत नाही.

खरा अनुभव नंतर आहे आणि तो कुणी सांगत नाही. बंदूक त्याच दिवशी धुवायची. पुसायची नाही, धुवायची, पाण्याने.

नानांची जुनी बंदूक यातच गेली. 2024 च्या दसऱ्याला, 12 ऑक्टोबरला, दाजी जेवायला आले होते. रात्री रानडुकरं भातात शिरली, नानांनी नुसत्या दारूचे दोन बार काढून हाकलली. दाजी म्हणाले, "नाना, तुम्ही झोपा, मी साफ करतो." जावयाला नाही कोण म्हणणार? त्यांनी चिंधीने नळी कोरडी पुसली, तेल फिरवलं आणि आरशासारखी करून भिंतीला टांगली. 15 तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. नोव्हेंबरअखेर परत आणली तेव्हा गज अर्ध्यावर अडकला. बॅटरी मारून पाहिलं, नळीला आतून देवी आल्यासारखे खड्डे.

दाजी आजही म्हणतात, ठाण्याच्या खोलीत ओल होती. असेल. पण तिथे बाजूला टांगलेली शेजारच्या वस्तीवरची बंदूक ठणठणीत परत आली, ती मी हातात घेऊन पाहिली आहे. काळी दारू जळल्यावर तिचं निम्म्याहून जास्त वजन राख आणि क्षार बनून राहतं. नळीत चिकटलेले क्षार हवेतलं पाणी ओढतात. तेलात ते विरघळत नाहीत, उलट तेलाखाली झाकून राहतात आणि लोखंड खात बसतात. पाण्यात मात्र लगेच सुटतात. म्हणून कढत पाणी, थोडा साबण, चिंधी पांढरी निघेपर्यंत. नळी तापलेली असल्याने पटकन वाळते. तेल त्यानंतर. दाजी म्हणतात, पलटणीत आयुष्यात रायफलीच्या नळीत पाणी ओतलं नाही. बरोबर, त्या रायफलीत काळी दारू नव्हतीच. पण जुन्या तोफांच्या नळीत प्रत्येक बारानंतर ओला बोळा फिरवत, आत राहिलेल्या ठिणगीने पुढची दारू भरतानाच पेटू नये म्हणून. तोपखान्यातल्या माणसाला हे लेथवाल्याने सांगायचं?

बारा बोर घ्यावी का, हेही बऱ्याच जणांना विचारायचं असतं. राखणीसाठी ठासणीचीच घ्या. डुकराला आवाज पुरतो.

राहिलेल्या गोष्टी. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीत कधीही घालू नका, नळी फुटते. बोळा दारूवर टेकलेला हवा, मध्ये पोकळी नको. भरताना तोंड नळीसमोर आणायचं नाही. कानात बोळे घाला, मी घातले नव्हते आणि संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजत होती. रानडुकराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारलंत तर परवाना जाईलच, शिवाय गुन्हा दाखल होईल. नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागता येते, ती मागा.

त्या रविवारी दुपारी अंगणात नळीत किटलीने पाणी ओतत असताना भाच्याने फोटो काढून दाजींना पाठवला. ते तोवर जेवून घरी पोचले होते. दोन मिनिटांत उत्तर आलं: "तेल लाव."