सबवूफर बंद पडला, दुकानदार वॉरंटी नाकारतोय: तक्रार बेळगावात करू की कोल्हापुरात?

प्रश्न: मी निपाणीचा, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातला. कोल्हापुरातल्या एका दुकानातून ३४,००० रुपयांचा सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तिथंच गाडीत बसवून घेतला. पाच महिन्यांत आवाज बंद, अ‍ॅम्प्लिफायरवर लाल दिवा. दुकानदार म्हणतो, ‘फुल्ल आवाजात तुम्हीच जाळलात, वॉरंटी लागू नाही.’ बिलावर ‘वाद कोल्हापूर न्यायकक्षेत’ असं छापलंय. ओळखीचा मेकॅनिक अ‍ॅम्प्लिफायर उघडून बघतो म्हणतोय. बेळगावात केस करता येईल का?

उत्तर: आधी त्या मेकॅनिकला थांबवा. अ‍ॅम्प्लिफायर उघडला की दुकानदाराला आयतं कारण मिळेल. शिवाय ग्राहक आयोग सदोष माल सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तेव्हा दोष मुळात होता की उघडल्यावर आला, यावरच घोडं अडेल.

न उघडताही बरंच कळतं. मल्टीमीटर असलेला जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा आणि मोबाइलवर व्हिडिओ सुरू ठेवून तपासणी करून घ्या. बॅटरीजवळचा फ्यूज शाबूत आहे का? अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर कसली आहे, की रंगावरच स्क्रू मारलाय? अ‍ॅम्प्लिफायरला पुरते १२ व्होल्ट पोचतात का? हे ठीक असेल तर स्पीकरच्या आणि स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलच्या वायरी काढून पुन्हा चालू करा. तरीही लाल दिवा राहिला तर दोष बहुधा अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच आहे. दिवा गेला तर सबवूफर किंवा जोडणी तपासा.

त्या जोडणीकडे नीट बघा, तुमच्या प्रकरणाचा खरा जीव तिथं असू शकतो. अनेक सबवूफरना दोन कॉइल असतात. ४-४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर भार २ ओहम होतो, एकामागे एक जोडल्या तर ८. ओहम जितके कमी, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर ताण जास्त. अ‍ॅम्प्लिफायरच्या पुस्तिकेत ब्रिज जोडणीसाठी (दोन चॅनल एकत्र करून एकच सबवूफर चालवणं) किमान ४ ओहम लिहिलं असेल आणि फिटरने २ ओहमचा भार दिला असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर गरम होऊन बंद पडण्याची शक्यता मोठी होती. मग ‘तुम्ही आवाज वाढवलात’ या बचावात दम उरत नाही. सबवूफरच्या टर्मिनलवरच्या वायरींचा जवळून फोटो काढा, पुस्तिकेचं ते पान जोडा.

फिटिंग ही दुकानदाराने पैसे घेऊन दिलेली सेवा आहे. ती मजुरी बिलात नसेल तरी यूपीआयची नोंद चालते. चुकीची जोडणी ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतली त्रुटी ठरते, आणि वस्तूच खराब निघाली तर तो सदोष माल. नेमकं काय हे आज ठरत नसेल, तर दुकानदार आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. वॉरंटी का नाकारली, ते दुकानदाराकडून लेखी मागा. आवाजामुळे जळाला हा दावा त्याचा आहे, तर आधारही त्यानेच द्यावा. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा.

आता जागेचा प्रश्न. याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. बिलावरच्या छापील ओळीने हा हक्क जात नाही. तेव्हा बेळगावात केस नक्की चालेल. पण मी तुमच्या जागी असतो तर कोल्हापूर निवडलं असतं. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की कोल्हापूर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. शिवाय बेळगावात तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत द्यावी लागेल, मराठी कागदांचं भाषांतर जोडावं लागेल. खानापूरच्या वाचकाला मात्र मी बेळगावच सांगितलं असतं. आपल्या सीमाभागात माणूस हद्दीच्या नुसत्या धास्तीने हक्क सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर आयोगाची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते. दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत, आणि सोबत भरपाई, असं स्पष्ट मागा. दुकानदाराशी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेलं बोलणं जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र द्या. प्रयोगशाळेची फी आधी तुम्हालाच भरावी लागेल, ती हिशेबात धरा. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, पण व्हिडिओ तपासणी या आठवड्यातच उरका.