विज्ञानखेळणी चालत नाहीत तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीबरोबर मी प्लॅस्टिकच्या बाटलीतला पाणबुड्या तयार केला. पेनाच्या टोपणाला खाली माती लावून ते पाण्याने भरलेल्या बाटलीत सोडले आणि झाकण लावले. बाटली दाबली की टोपण खाली जाते. पण हात सैल केल्यावर ते कधी वर येते, तर कधी तळाशीच राहते. एकदा तर कितीही दाबले तरी ते जागचे हलेना. आमचे काय चुकते?

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या दोन अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत आणि दोन्ही तुमच्या मुलीला स्वतः शोधता येण्यासारखी आहेत, म्हणून उत्तर वाचल्यावर ते लगेच तिला सांगून टाकू नका.

टोपण हलतच नाही, तेव्हा प्रथम बाटलीचा गळा पाहावा. पाणी काठोकाठ भरलेले नसेल, तर वरच्या मोकळ्या जागेत हवा राहते. हवा सहज दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे आपल्या हाताचा बराचसा जोर त्या वरच्या हवेला आक्रसण्यातच खर्च होतो आणि टोपणातल्या हवेवर पुरेसा दाब येत नाही. बाटली पूर्ण भरल्यावरही फरक पडला नाही, तर टोपण गरजेपेक्षा हलके आहे असे समजावे. बाटलीत सोडण्यापूर्वी ते पेल्यातल्या पाण्यात तरंगवून पाहावे आणि त्याचे टोक पाण्याबाहेर दोन-तीन मिलिमीटरच राहील इतकी माती लावावी. टोपणाच्या टोकाला छिद्र असेल तर तेही मातीने बंद करावे, नाहीतर आतली हवा निसटून जाते. ताज्या भरलेल्या पाण्यातले बारीक बुडबुडे टोपणाला बाहेरून चिकटतात आणि त्याला उगीचच हलके करतात. बाटलीला टिचक्या मारल्या की ते सुटतात.

तळाशी अडकण्याचे कारण अधिक गमतीचे आहे. बाटली दाबल्यावर टोपणाच्या खालच्या उघड्या तोंडातून थोडे पाणी आत शिरते, आतल्या हवेची जागा कमी होते, तेवढे कमी पाणी बाजूला सारले जाते आणि म्हणून टोपण बुडते. परंतु तळाशी पोहोचल्यावर वरच्या पाण्याचाही दाब त्यावर असतो. वातावरणाचा दाब साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. तेव्हा 25 सेंटिमीटर पाण्याखाली आतली हवा आणखी सुमारे अडीच टक्क्यांनी आक्रसते. माती किंचित जास्त झाली असेल, तर पृष्ठभागावर कसेबसे तरंगणाऱ्या टोपणाला हा एवढासा फरकही पुरतो आणि हात काढल्यावरही ते वर येत नाही. चिमूटभर माती कमी केली की अडचण सुटते. बाटली आडवी झाल्यास मात्र टोपणातून हवेचा बुडबुडा निसटू शकतो, आणि मग टोपण बाहेर काढून पुन्हा हवा भरण्यावाचून इलाज नसतो.

पारदर्शक टोपण मिळाले तर अवश्य वापरा. बाटली दाबताना आतल्या पाण्याची पातळी वर चढताना आणि हात सैल करताच खाली उतरताना मुलीच्या डोळ्यांना दिसली, की अर्धे स्पष्टीकरण तीच तुम्हाला देईल. या खेळण्याचे छापील वर्णन इटलीतील राफाएल्लो माज्योत्ती यांनी 1648 साली केले होते. तेव्हापासून आजवर त्यात बदल झाला तो साहित्यात. मागचे तत्त्व तेच राहिले आहे.

प्रश्न : माझे शिक्षण विज्ञान शाखेचे नाही. मुलगा खेळणे करताना सारखा ‘असे का?’ विचारतो आणि मला उत्तर येत नाही. आधी मी वाचून तयारी करावी आणि मगच खेळणे करायला घ्यावे का?

उत्तर : वाचणे चांगलेच, पण तयारी पूर्ण होण्याची वाट पाहू नका. आधी तत्त्व समजावून मग खेळणे करण्याची पद्धत मला पटत नाही, कारण मुलाला शोधण्यासारखे त्यात काही उरत नाही. ‘का’चे उत्तर येत नसेल तेव्हा ‘काय बदलले तर काय होईल?’ हा प्रश्न दोघांनी मिळून विचारावा. त्याला पदवी लागत नाही.

स्ट्रॉची पिपाणी यासाठी फार उपयोगी पडते. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉचे एक टोक सुमारे दोन सेंटिमीटर चपटे करून दोन्ही कोपरे तिरके कापावेत, म्हणजे समोरासमोर दोन टोकदार पाती तयार होतात. पाती पूर्णपणे तोंडात घेऊन त्यांच्या मागे ओठांनी हलकेच दाबून जोरात फुंकावे. आवाज निघाला नाही तर ओठ थोडे पुढेमागे करून पाहावेत. बहुतेक वेळा ओठ पात्यांवरच पडलेले असतात आणि त्यामुळे ती थरथरू शकत नाहीत. कागदी स्ट्रॉ लवकर भिजून मऊ पडते.

पिपाणी वाजू लागली की कात्री मुलाच्या हाती द्या, पण कापण्याआधी आवाजाचे काय होईल असे त्याला वाटते ते विचारा. लांबी कमी केली म्हणजे आवाजही ‘लहान’ होईल, असे अनेक मुले सांगतात. प्रत्यक्षात स्वर चढतो, आणि लांबी निम्मी झाली की तो जवळजवळ एका सप्तकाने वर जातो. आवाजाचा मोठेपणा आणि स्वराची उंची या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कानांनी कळण्याचा हा क्षण मुलाकडून हिरावून घेऊ नये. अंदाज चुकला तर ‘चुकलास’ असेही म्हणू नये. पुढे थोडी रुंद स्ट्रॉ या पिपाणीवर चढवून ती मागेपुढे सरकवली, तर न कापताही स्वर बदलता येतो.

प्रश्न : सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे घेऊन विद्यार्थ्यांकडून मोटर करून घेतली. काहींची फिरते, काहींचे वेटोळे नुसते मागेपुढे डुलते. सर्वांनी साहित्य तर एकच वापरले आहे.

उत्तर : डुलणाऱ्या वेटोळ्यांच्या तारेची दोन्ही टोके बहुधा सर्व बाजूंनी खरवडलेली असावीत. तारेवरच्या इनॅमलच्या लेपातून वीज जात नाही. एका टोकावरचा लेप पूर्ण काढायचा, पण दुसऱ्या टोकावर, वेटोळे उभे धरून, फक्त वरच्या अर्ध्या भागातला काढायचा असतो. वेटोळ्यातून सतत वीज वाहिली तर चुंबक त्याला अर्ध्या फेरीत पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे, म्हणून ते डोलत राहते. अर्धा लेप ठेवला की त्या दुसऱ्या अर्ध्या फेरीत वीज तुटते आणि वेटोळे स्वतःच्या वेगाने ती पार करते. खरवडणी बरोबर असूनही मोटर चालत नसेल, तर टोके अगदी समोरासमोर व सरळ आहेत का ते तपासावे आणि बोटाने हलका धक्का द्यावा. अडकलेले वेटोळे सेलला जोडलेले राहू देऊ नये. तार आणि सेल दोन्ही तापतात.

प्रश्न : घरात दोन वर्षांचे धाकटे मूल आहे. थोरल्याबरोबर अशी खेळणी करताना काय सांभाळावे?

उत्तर : बटणासारखे चपटे सेल आणि छोटे शक्तिशाली चुंबक धाकट्याच्या हाती लागता कामा नयेत. असा सेल घशात अडकल्यास काही तासांत आतल्या भागाला गंभीर इजा करतो. एकाहून अधिक चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. मोटरसाठी मोठा, तोंडात न मावणारा चुंबक आणि साधा दीड व्होल्टचा सेल पुरेसा आहे. घरातल्या विजेच्या बोर्डाला कोणतेही खेळणे कधीही जोडू नये. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचलावेत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. धाकट्यालाही सामील करून घ्यायचे असेल, तर घट्ट बंद केलेली पाणबुड्याची बाटली आपल्या देखरेखीखाली त्याच्या हाती द्यायला हरकत नाही.