माती की डांबर ते नंतर, आधी वाट कुठे कलते ते बघा

तुमचा प्रश्न असा: घराजवळ बाग आहे, पाणथळीवरून जाणारी लाकडी फळ्यांची वाट आहे आणि पुढे नदीकाठचा पक्का रस्ता आहे. यातून धावायला १० किलोमीटरचा मार्ग कसा जोडावा, आणि गुडघ्यांसाठी मातीच बरी ना?

मार्ग जोडणं अवघड नाही, ते खाली सांगतो. पण 'मातीच बरी ना' वाचलं आणि राहवलं नाही. धावणाऱ्यांचा कुठलाही गट घ्या, हे वाक्य कोणीतरी टाकतंच, बाकीचे माना डोलावतात आणि मी दर वेळी वाद घालतो. इथेही घालणार आहे.

पाय म्हणजे हातोडा नव्हे. खाली कडक असलं की दणका जास्त आणि मऊ असलं की कमी, इतका सरळ हिशोब नसतो. जमीन मऊ लागली की शरीर पाय आपोआप ताठ करतं, कडक लागली की गुडघा-घोटा जरा जास्त वाकू देतं. फेरिस, लुई आणि फार्ली या संशोधकांनी १९९८ मध्ये हे मोजून दाखवलं आहे: खालचा पृष्ठभाग बदलला तरी धावणाऱ्याच्या शरीराची वरखाली हालचाल जवळपास तशीच राहते, कारण पायाचा ताठरपणा त्या मानाने बदलतो. जमीन फारच मऊ असेल तर कष्ट वाढतात ते वेगळेच. सैल वाळूत धावायला कडक जमिनीच्या साधारण १.६ पट ऊर्जा लागते.

मग बागेत, नदीकाठी रोज धावणाऱ्यांचा एकच गुडघा का दुखतो? दोन्ही का नाही? जमिनीचा कडकपणा दोन्ही पायांना सारखाच असतो की! माझं म्हणणं एवढंच आहे: एकाच पायाचं दुखणं असेल तर आधी वाटेचा आडवा उतार तपासा.

पाणी साचू नये म्हणून पक्की वाट आडवी थोडी उतरती बांधतात, साधारण २ टक्के, म्हणजे १ मीटर रुंदीला २ सेंटिमीटर. जुन्या, खचलेल्या वाटेच्या कडेला हा उतार सहज दुप्पट होतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण मिनिटाला १७० पावलं धरली तर तासाभरात १०,२०० पावलं होतात, म्हणजे एकेका पायाची ५,१००. वरच्या बाजूचा पाय प्रत्येक वेळी आत कलंडतो, खालच्या बाजूचा बाहेर. खालच्या पायाला जमीन किंचित उशिरा लागते, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला ताण बसतो. ते दुखणं ओळखायचं कसं? सुरुवातीला काही नसतं, ठरावीक अंतरानंतर सुरू होतं, चालायला लागलं की थांबतं, आणि दर वेळी त्याच पायाला असतं.

उतार मोजायला गवंड्याची पाणसळ आणि १ मीटर लांबीची सरळ पट्टी पुरते. पट्टी वाटेला आडवी ठेवा, खालच्या बाजूचं टोक उचलत बुडबुडा मध्ये आणा आणि त्या टोकाखालची फट मोजा. २ सेंटिमीटर भरली तर २ टक्के. पाणसळ नसेल तर मोबाइलमधलं लेव्हल चालतं, १ अंश म्हणजे मीटरला पावणेदोन सेंटिमीटर. मात्र मोबाइल थेट डांबरावर ठेवू नका, एक खडी वर आलेली असली तरी आकडा चुकतो. पट्टीवर ठेवा. आणि मोजा ते तुम्ही ज्या पट्ट्यातून खरोखर धावता तिथे. वाटेच्या मधोमध मोजून 'सपाट आहे की' म्हणणारे खूप भेटतात.

आता खरी गोम. उतार दोन तऱ्हेचा असतो. काही वाटा मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरत्या असतात. अशा वाटेवर जाताना डावी बाजू धरलीत आणि येतानाही शिस्तीत डावीच धरलीत, तर दोन्ही वेळा तुमचा डावाच पाय खाली. १० किलोमीटर झाले आणि उजवा पाय एकदाही खालच्या बाजूला आला नाही! अशा वाटेवर गर्दी नसताना मधल्या पट्ट्यातून धावा. नदीकाठची वाट बहुधा सबंध एकाच अंगाला, पाण्याकडे कललेली असते. तिथे जाताना नदी डावीकडे असेल तर डावा पाय खाली, येताना उजवा. गेलात त्याच पट्ट्यातून परत आलात की हिशोब आपोआप फिटतो.

सगळ्यात वाईट म्हणजे बागेतल्या तळ्याभोवतीची फेरी. वाट तळ्याकडे उतरती आणि सगळे एकाच दिशेने धावणारे. तळं उजव्या हाताला ठेवून २० फेऱ्या मारल्या तर वीसही फेऱ्या उजवा पाय खाली, शिवाय प्रत्येक वळणावर आतला पायही तोच. अशी फेरी मारायचीच असेल तर एक दिवस सुलट, एक दिवस उलट. समोरून येणारे बघतील, बघू द्या.

म्हणून तुमचा मार्ग मी असा जोडेन: बागेत १ किलोमीटर सावकाश, मग पाणथळीवरून दीड, मग नदीकाठाने अडीच, आणि तिथून मागे. झाले १०. गोल फेरी जोडायचा मोह टाळा, निदान पहिले दोन महिने. वारा असेल तर जाताना तो तोंडावर घ्या, म्हणजे दमल्यावर पाठीवर मिळतो आणि घामेजलं अंग गारठत नाही. जीपीएस घड्याळातलं अंतर झाडांखाली आणि नागमोडी वाटेवर चुकतं, त्यावरून वेगाची चिंता करू नका. अंतर नक्की हवं असेल तर सायकलच्या चाकावर खडूची खूण करून फेरे मोजा. चाकाचा घेर २.१ मीटर असेल तर किलोमीटरला ४७६ फेरे. घेर मात्र स्वतः सायकलवर बसून मोजा, वजनाने टायर दबतो.

फळ्यांच्या वाटेबद्दल. लाकूड नुसतं ओलं असेल तर फार बिघडत नाही, घात करतो तो त्यावरचा शेवाळाचा पातळ, काळपट-हिरवा थर. तो सावलीतल्या फळ्यांवर आणि जिथे वर्दळ नाही त्या कडांवर जास्त असतो. खिळ्यांच्या किंवा स्क्रूच्या रांगेवरून धावा, तिथे खाली आधाराचं आडवं लाकूड असतं, फळी दबत नाही. पाऊल शरीराच्या बरोबर खाली पडू द्या, लांब टाकू नका. फळ्यांवर झटक्यात वळू नका, वळणाआधी वेग कमी करा आणि लहान पावलांनी वळण काढा. बुटाच्या तळाच्या गाठी २ ते ३ मिलिमीटरच्या पुरतात. ५ मिलिमीटरच्या गाठी चिखलात उत्तम, पण ओल्या फळीवर त्यांचा फक्त टोकापुरताच स्पर्श होतो आणि पाय सटकतो. आणि फळ्या सोडून गवतात उतरू नका. पाणथळीतले कितीतरी पक्षी जमिनीवरच घरटं करतात, अंडी मातीच्या रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. एखादा पक्षी तुमच्याभोवती ओरडत घिरट्या घालायला लागला तर घरटं जवळ आहे असं समजा आणि थांबून न बघता पुढे निघा.

नदीकाठी पुरानंतर दोन गोष्टी बघायच्या. पहिली, गाळ. वरून सुकून भेगाळलेला दिसतो, आत लोण्यासारखा असतो. दुसरी जास्त गंभीर. नदी वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ पोखरते, त्यामुळे वरची वाट शाबूत दिसली तरी खालून पोकळ झालेली असू शकते. काठाला समांतर गेलेली भेग दिसली की त्या पट्ट्यात पाऊल टाकायचं नाही. पायाला जखम असेल तर पुराच्या साचलेल्या पाण्यातूनही जाऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) धोका असतो.

सायकलवाल्यांचं एकच सांगतो. तुम्ही ताशी १० किलोमीटरने आणि मागची सायकल २० ने येत असेल तर १० मीटरचं अंतर साडेतीन सेकंदांत संपतं. एक कान मोकळा ठेवा आणि बाजू बदलण्याआधी मागे वळून बघा.

आता मातीबद्दल, तिच्यावर अन्याय नको. मातीची वाट चांगलीच असते, पण मऊपणामुळे नव्हे. तिथे प्रत्येक पाऊल जरा वेगळं पडतं, तोच ताण त्याच जागी हजारो वेळा बसत नाही. मुळं, खड्डे असले की घोटा मुरगळायची भीती मात्र वाढते, तेव्हा नजर ४-५ मीटर पुढे ठेवा. शिवाय एका पायाचं दुखणं दर वेळी उतारामुळेच असतं असंही नाही. एकदम वाढवलेलं अंतर, झिजलेले बूट, जुनी दुखापत, काहीही असू शकतं. दिशा बदलून दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा गुडघ्याला सूज आली, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि मोजायचा कंटाळा असेल तर सर पडून गेल्या गेल्या त्या वाटेवर जा. पाणी कुठल्या कडेला वाहतंय आणि कुठे डबकं धरतंय ते बघा. त्या कडेकडचा तुमचा पाय, तोच खालचा.