मित्रांना आणि घरच्यांना ओपन सोर्स सॉफ्टवेअरकडे कसं वळवावं?

तुम्ही लिहिलंय की लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सिस्टिमचा, विषय काढला की कॉलेजातली पोरं उठून जातात आणि बाबा म्हणतात, "आहे ते चाललंय ना नीट?" बाबांचं काही चुकत नाही. नाशकात सिडकोत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवातीला मीही गिऱ्हाइकाला रिचर्ड स्टॉलमन, १९८३, ग्नू प्रकल्प असं मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचं सगळं पुराण ऐकवायचो. गिऱ्हाईक शांतपणे ऐकायचं आणि विचारायचं, "मग विंडोज कधी टाकून देताय?"

आता मी लिनक्सचं नाव सगळ्यात शेवटी घेतो. आधी दुखतंय कुठे ते बघतो.

दिंडोरीकडची एक मुलगी सेकंड हँड लॅपटॉप घेऊन आली होती. क्रॅक केलेलं ऑफिस, पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस, सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले, आणि दोन दिवसांवर सबमिशन. फाइली गेल्या नव्हत्या, नुसत्या लपल्या होत्या. त्या काढून दिल्या, क्रॅक उडवलं, लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखंच, पण ओपन सोर्स) टाकलं. तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला येऊन परत दारात: सरांच्या कॉम्प्युटरवर रिपोर्टची पानं सरकली! माणसं सुटतात ती इथेच. आणि चूक माझी होती. ऑप्शन्समधल्या लोड/सेव्हमध्ये जाऊन फाइल कायम वर्डच्या डॉकएक्समध्येच सेव्ह होईल असं करून द्यायला हवं होतं. कॅलिब्री फॉन्ट नसेल तर कार्लिटो, टाइम्स न्यू रोमन नसेल तर लिबरेशन सेरिफ वापरायचा. अक्षरांची रुंदी तीच असल्यामुळे ओळी जागच्या हलत नाहीत. झेरॉक्सवाल्याकडे न्यायची प्रत मात्र पीडीएफच. हे सगळं आता मी लॅपटॉप हातात देण्याआधीच करतो.

मित्रांना भाषण नको, व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर दाखवा. तेही ओपन सोर्सच, आणि ते तर सगळेच वापरतात. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांच्या १९९६च्या प्रोजेक्टातून ते निघालं, हे सांगितलं की पोरं जरा सावरून बसतात. शिकायचं म्हणाले तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतूनही आहेत.

लिनक्सची वेळ आपोआप येते. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि बऱ्याच जुन्या मशीन ११च्या अटींत बसत नाहीत. अशा वेळी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून दाखवा. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर तपासून होतो. जमलं तर एसएसडीही (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) बसवा. (लोक लिनक्सची जादू म्हणतात, त्यातली निम्मी एसएसडीची असते.)

ज्याचं पोट टॅलीवर किंवा ऑटोकॅडवर आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. अंबड-सातपूरच्या कारखान्यात जे मागतात तेच त्याला शिकू द्या.

राहिले बाबा. काही बदलण्याआधी त्यांच्या जुन्या मराठी फाइली उघडून बघा. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केल्या असतील तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि खापर फुटतं लिब्रेऑफिसवर. आधी त्या युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत) करून घ्या, मग वर्डच्या जागी लिब्रेऑफिसचा आयकॉन ठेवा.