ऑलिव्हच्या फळात अँटिऑक्सिडंट वाढवायला संप्रेरकं फवारावीत का?

तुम्ही विचारलंय की मिथाइल जास्मोनेट, एबीए (ॲब्सिसिक ॲसिड) किंवा इथेफॉन अशी वाढ-नियंत्रक रसायनं फवारून ऑलिव्हमधली अँटिऑक्सिडंट वाढतील का आणि त्या तेलाला जादा दर मिळेल का. फळात फरक पडतो, हे खरं. पण ‘अँटिऑक्सिडंट’ हा एकच आकडा धरून पंप उचललात तर फसाल. आमच्या घरात याच गोष्टीवरून मोठं भांडण झालंय, द्राक्षावर, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही अथणी तालुक्याच्या पूर्वेकडचे. इकडे बहुतेकांची द्राक्षं बेदाण्याला जातात, सौदा तासगाव-सांगलीला. आमच्याकडे मात्र खायच्या काळ्या द्राक्षाचाही एक प्लॉट आहे, शरद सीडलेसचा. बांधापलीकडे धाकट्या दिरांचा प्लॉट, तीच जात, छाटणीही त्याच आठवड्यातली. मी धारवाडला कृषी पदवी घेतली आणि लग्नानंतर मामंजींनी बागेचं सगळं माझ्याकडे सोपवलं. भावजींना ते आजतागायत पटलेलं नाही.

त्या हंगामात मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, बरेच दिवस रात्री थंड पडल्याच नाहीत. काळ्या द्राक्षाला रंग येतो तो अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे (तेही एक अँटिऑक्सिडंटच), आणि रात्री उबदार राहिल्या की ते नीट तयार होत नाही. वेलीवर माल जादा असेल तर आणखीच पंचाईत, घडाचा शेंडा लालच राहतो. मी विरळणीच्या वेळीच घड कमी केले होते आणि पाणी उतरल्यावर ड्रिपही कमी केलं होतं. भावजींनी एकही घड काढला नव्हता. टनेजचा माणूस!

मग एक औषधवाला आला. इथेफॉन मारा, आठवड्यात माल काळा होईल, आणि काळा माल म्हणजे अँटिऑक्सिडंट, शहरात त्याचेच पैसे मिळतात, असं त्याचं म्हणणं. मामंजींनी मला विचारलं. मी नको म्हटलं. इथेफॉन वेलीच्या पेशीत गेलं की तुटतं आणि त्यातून इथिलीन सुटतं. ऊन जितकं कडक तितकं ते भराभर सुटतं. इथिलीननं रंग येतो, पण मणी मऊ पडतो आणि देठाशी सुटायला लागतो. भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, “वैनी, पुस्तकानं रंग येत नाही, औषधानं येतो.” आणि दुपारच्या उन्हात फवारणीचा ब्लोअर फिरवला.

रंग आला, नाही म्हणत नाही. त्यांचा प्लॉट आमच्या आधी काळा झाला. पण शुगर होती तिथेच होती. व्यापाऱ्यानं घड हातात धरून हलवला तसे मणी क्रेटमध्ये झडले. दर पाडून माल गेला. आमचा माल उशिरा निघाला, थोडा कमीही भरला, पण घड हलवून बघितला तरी मणी जागचा हलला नाही. भावजी आजही म्हणतात की टनेज धरलं तर त्यांचाच हिशेब बरा होता. तो तसा नव्हता. दोन्ही प्लॉटच्या विक्रीच्या पट्ट्या मामंजींनी शेजारी ठेवून बघितल्यात.

आता ऑलिव्हकडे येते, कारण तिथं हा घोटाळा अजून मोठा आहे. हिरव्या कोवळ्या ऑलिव्हमध्ये ओल्युरोपिन भरपूर असतं; ते फिनॉल नावाच्या अँटिऑक्सिडंट गटातलं. फळ कडू लागतं ते त्यामुळेच. फळ पिकत जातं तसं ते घटतं आणि सालीत अँथोसायनिन वाढतं. म्हणजे पिकवणारं संप्रेरक मारून फळ काळं केलंत, तर एक अँटिऑक्सिडंट वाढेल आणि ज्यासाठी ऑलिव्हचं नाव आहे तेच खाली जाईल. मिथाइल जास्मोनेटचं काम वेगळं. झाडाला इजा झाली की जो संदेश आत फिरतो त्याच घराण्यातलं हे रसायन. त्यानं फिनॉल बनवणारी यंत्रणा जागी होते, पण त्यासाठी झाड आपली साखर खर्च करतं, हे औषधवाले सांगत नाहीत. इथेफॉन ऑलिव्हच्या देशांत वापरतात ते यंत्रानं तोडणी करताना फळ सैल व्हावं म्हणून, आणि तिथंही पानं गळतात ही तक्रार आहेच.

शिवाय तुम्ही दर विचारताय तेलाचा. हे फिनॉल पाण्यात विरघळणारे. घाण्यात त्यांचा मोठा भाग पाण्याबरोबर आणि चोथ्याबरोबर निघून जातो, तेलात थोडाच उतरतो. युरोपात बाटलीवर फिनॉलचा आरोग्य-दावा छापायचा तर 2012 च्या नियमाप्रमाणे 20 ग्रॅम तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉल (हेही ऑलिव्हमधलं एक फिनॉल) आणि त्याच्या जोडसंयुगांचं प्रमाण किमान 5 मिलिग्रॅम लागतं. तो आकडा गाठायला जात, लवकर तोडणी, तोडल्या दिवशीच गाळप आणि पाण्याचा ताण हे आधी बघा. झाडाला भरपूर पाणी दिलं की तेलातले फिनॉल कमी होतात. पाणी बेतानं देणं हा फुकटचा उपाय आहे, पण कोणी दुकानात विकत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

फळात उरणाऱ्या औषधाच्या अवशेषांचंही लक्षात ठेवा. 2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, आणि तेही वाढ-नियंत्रकच होतं.

हेही सांगायला हवं की मी संप्रेरकांच्या विरोधात नाही. जीए (जिबरेलिक ॲसिड) आम्ही दरवर्षी वापरतो, त्याशिवाय थॉमसन जातीच्या द्राक्षाचा मणी फुगत नाही. काळ्या द्राक्षात रंगासाठी एबीए इथेफॉनपेक्षा सरळ काम करतं, महाग आहे एवढंच. आणि भावजींनी संध्याकाळी, कमी मात्रेत मारलं असतं तर इतकी मणीगळ झाली नसती, हेही मला मान्य आहे. तुम्ही कुठले ते लिहिलेलं नाही, पण बेळगावकडे ऑलिव्ह लावायच्या विचारात असाल तर थांबा. फुलकळी धरायला त्याला हिवाळ्यातली खरी थंडी लागते, म्हणून आपल्याकडे त्याचा मोठा प्रयत्न झाला तो राजस्थानात, बिकानेरच्या बाजूला.

झाडं आधीच असतील आणि फवारायचंच असेल, तर काही ओळी कोऱ्या, म्हणजे न फवारता, ठेवा. दोन्हींकडची फळं एकाच दिवशी तोडा, वेगवेगळी गाळा आणि फळाची नाही, तेलाची तपासणी करून घ्या. भावजींनी एकही ओळ कोरी ठेवली नव्हती, म्हणून रंग औषधानं आला की पुढच्या आठवड्यात पडलेल्या थंडीनं, हे ते आजही कुणाला दाखवू शकत नाहीत.